दुसरं कार्ड

१

सुमतीआत्याच्या मते सगळा दोष सायकलचा. रविवारी सकाळी माणसानं पूजा करावी, ते जमत नसेल तर निदान दाढी तरी करावी. मी परसात सायकल उलटी टाकून रॉकेलनं चेन धूत बसलो होतो, आणि म्हणून कावळ्याला माझं डोकं सापडलं.

मान खाली होती. आधी पंखांचा वारा लागला, मग केसांत नखं रुतली. कावळा एवढा जड असतो हे मला माहीत नव्हतं. तो नीट पाय रोवून बसला, ओरडलासुद्धा नाही, आणि मी हात झटकल्यावर आरामात उडून गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्यानं हे पाहिलं आणि तिच्या हातातला झारा खणकन खाली पडला.

एकोणपन्नास सालचा चैत्र होता. कल्याणला पारनाक्याजवळ दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आत्या आणि मी राहत होतो. मी ठाण्याच्या एका कचेरीत कारकून. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि सायकल सोडली तर दुसरा कसलाही नाद नव्हता. शकुन-अपशकुनांवर तर काडीचा विश्वास नव्हता. आत्याचा मात्र होता, आणि घर तिच्या विश्वासावर चालायचं.

"मधु, गंडांतर आहे हे," ती म्हणाली.

"डोकं धुऊन टाकतो."

"धुऊन जायला ते तेल आहे का? कावळा शिवला की तू गेलास असं तुझ्या जवळच्या माणसाला कळवावं लागतं. त्यानं ते खरं मानून रडावं लागतं. एकदा रडून झालं की मरण भागतं. मग खरं काय ते सांगायचं."

"मग तूच रड की."

"मला समोर दिसतोयस ना तू, मेल्या! ठाऊक असून काढलेलं पाणी काय कामाचं?"

माझ्यासाठी खरं रडेल असं माणूस जगात एकच होतं: उत्तराताई. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा मी चार वर्षांचा आणि ताई पंधराची. तिनं मला न्हाऊ घातलं, अक्षरं शिकवली, माझ्या तापात रात्री जागून काढल्या. विसाव्या वर्षी ती विधवा झाली. मग नर्सचं शिकली आणि घाटावर धोंडमाळ नावाच्या गावी लोकल बोर्डाच्या दवाखान्यात लागली. आजूबाजूच्या बारा वाड्यांची बाळंतपणं ती एकटी करायची. तिच्या पगारावर मी मॅट्रिक झालो. तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

म्हणून मी नाही म्हणालो. आत्यानं ताटावरून उठून दाखवलं. रविवार गेला, सोमवारी सकाळीही ती चहा घेईना, तेव्हा मी हात टेकले.

आत्यानं दोन कार्डं एका बैठकीत लिहिली. पहिल्यावर 'श्री' नव्हतं. 'चि. मधु काल पंचमीस अल्पशा तापाने गेला. सर्व उरकले आहे. तू येण्याची घाई करू नकोस.' दुसऱ्यावर ठसठशीत 'श्री' होतं. 'मधु खुशाल आहे. कावळा शिवल्यामुळे खोटे लिहावे लागले. रडलीस ते कामी आले.' लिहिताना 'खुशाल'वर शाईचा थेंब पडून एक गोल डाग उठला होता. पहिलं आज टाकायचं, दुसरं उद्या, म्हणजे ताईला एका दिवसापेक्षा जास्त दुःख नको, असा आत्याचा हिशेब.

पहिलं मी टाकलं. दुसरं कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मंगळवारपासून उकाडा इतका वाढला की मी कोट खुंटीला टांगला आणि नुसत्या सदऱ्यावर कचेरीत जाऊ लागलो.

२

शुक्रवारी संध्याकाळी कोट धुवायला द्यावा म्हणून खिसे तपासले आणि कार्ड हाताला लागलं.

आधी मला काही वाटलं नाही. मग टपालाचे वार मोजले. धोंडमाळचं टपाल पुण्यावरून जुन्नरला जायचं आणि तिथून दर शनिवारी एक डाकवाला पायी थैली घेऊन गावोगाव फिरायचा; आत्याच्या हिशेबात हे नव्हतंच. म्हणजे पहिलं कार्ड उद्या दुपारी ताईच्या हातात पडणार, आणि दुसरं आत्ता टाकलं तर पुढच्या शनिवारी. मधले सात दिवस मी मेलेला. तारेचाही उपयोग नव्हता; तार जुन्नरला पोचणार आणि पुढं तोच डाकवाला.

ताई रडून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. भाऊजी गेले तेव्हा तिनं एकदा विहिरीचा काठ गाठला होता, आणि मी रडत मागून धावलो म्हणून ती परतली होती, हे आत्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आता मागून धावायला तिथं कुणी नव्हतं.

पहाटे चारला दुसरं कार्ड खिशात घालून सायकल काढली. मुरबाडवरून टोकावडे, तिथून नाणेघाटाचा पायथा, सायकल खांद्यावर घेऊन घाट चढायचा, आणि वर दहा-बारा मैल माळ. पूर्वी दोनदा केलेला रस्ता होता. न थांबता गेलो तर दुपारच्या आत पोचेन, कार्डाच्या आधी पोचेन, असं स्वतःला सांगत मी शहाड ओलांडलं. डाव्या हाताला उल्हास नदी अंधारात नुसती वासानं कळत होती.

मुरबाडच्या पुढं उजाडलं. रस्ता कच्चा, धूळ पिठासारखी मऊ. वारा अजून उठायचा होता. त्या धुळीत सायकलच्या चाकाची ताजी रेघ होती, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मी तिच्यावरूनच चाललो आहे.

माझ्या मागच्या टायरला चीर पडली होती. नवा टायर मिळायची मारामार, म्हणून पारनाक्याच्या चांभाराकडून मी तो जाड दोऱ्यानं शिवून घेतला होता. तो दोरा धुळीत दर सात फुटांवर एक फुली उमटवायचा. पुढच्या रेघेतही दर सात फुटांवर फुली होती.

मी उतरलो. मागं वळून माझी रेघ पाहिली, पुढची पाहिली. चांभार काही माझ्या एकट्याचे टायर शिवत नव्हता, असं मोठ्यानं म्हणालो आणि पुन्हा बसलो.

टोकावड्याला दगडूचं चहाचं दुकान होतं. मागच्या खेपांना त्याच्याकडं चहा घेतला होता, त्यामुळं तो ओळखीचा. मला पाहून त्याचा गाळणं धरलेला हात थांबला.

"परत का आलाव?" तो म्हणाला.

"परत कुठला? आत्ताच येतोय मी."

"थट्टा करताव काय गरिबाची? आताच त चा घेतलाव. साखर कमी टाक बोललाव. ह्यो बघा तुमचा पेला, अजून धुतला पन न्हाय."

फळीवर पेला होता. तळाशी एक घोट शिल्लक होता. चहाचा शेवटचा घोट मी कधी घेत नाही. भुकटी तोंडात येते म्हणून लहानपणापासून सोडतो, आणि त्यावरून आत्याची बोलणी खातो.

"दुसरा कुणीतरी असेल," मी म्हणालो.

दगडूनं माझ्याकडं, मग सायकलकडं, मग पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "आसंल," तो म्हणाला. त्यानं मला चहा विचारला नाही आणि मीही मागितला नाही.

३

नाणेघाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सायकल खांद्यावर घेऊन चढणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पायऱ्या मोठाल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि सायकलला नेमकं त्याच वेळी हँडल फिरवायचं सुचतं. अर्ध्या वाटेवर चेनचं दातेरी चक्र डाव्या पोटरीत घुसलं. चार इंचांची खरड. रक्त मोज्यापर्यंत आलं. मी रुमाल बांधला आणि वर पाहिलं, तर पुढच्या तीन पायऱ्यांवर रक्ताचे थेंब होते. तिथवर मी अजून गेलो नव्हतो.

पहिला थेंब मी बोटानं पुसून पाहिला. ओला होता.

शेळी असेल, मी म्हटलं. काट्यांत अंग घासतात. ठाकरवाडीच्या शेळ्या इथं चरतात हे खरंच होतं, आणि तेवढ्या खरेपणाला धरून मी पुढची शंभर पावलं चढलो.

वरून मोळी घेऊन एक म्हातारी ठाकरीण उतरत होती. जनाबाई तिचं नाव, मागाहून तिनंच सांगितलं. माझी दशा बघून तिनं मोळी टेकवली आणि कमरेच्या भोपळ्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. मी प्यालो, तोंडावर मारलं. ती माझ्या पोटरीकडं पाहत होती.

"तुमी भाऊ भाऊ हाव का रं?" तिनं विचारलं.

"कोण आम्ही?"

"मंगाशी एक गेला ना वर. आसाच. पाय पन आसाच फुटलेला. म्या पानी दिलं त घेतलं न्हाय. बोलला पन न्हाय, निस्ता हसला." तिनं मोळी डोक्यावर घेतली. "तू बोलतोस ह्ये बरं हाय. माजं नाव जनाबाई. धेनात ठेव."

नाव लक्षात ठेवायला का सांगितलं ते तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, मी नाव लक्षात ठेवू शकणारा माणूस आहे का, हे तिला पाहायचं होतं.

माथ्याजवळच्या लेण्यात सावली होती. मी आतल्या दगडी बाकावर पाठ टेकली. थोडी झोप घ्यावी असं फार वाटलं. पण कार्ड आठवलं आणि उठलो. दुपारचा एक वाजून गेला होता. कार्डाच्या आधी पोचायची आशा आता फारशी नव्हती.

४

घाटमाथ्यावर वारा उभाच होता.

त्या माळावर झाड म्हणून नाही. चैत्रात गवत जळून पिवळं पडतं, जमीन भेगाळते, काळे धोंडे तेवढे उन्हात तापत पडलेले असतात. नजर जाईल तिथवर सपाट, आणि त्या सपाटीवर समोरून येणारा कोरडा, धुळीचा वारा. पँडलवर उभं राहून सगळं वजन टाकावं तेव्हा सायकल हातभर पुढं सरके. कानात इतका आवाज की आपण मोठ्यानं बोललो तरी आपल्याला ऐकू येत नाही. ओठ फुटले. एके ठिकाणी वाऱ्यानं मला सायकलसकट आडवं केलं आणि मी तिथंच मिनिटभर पडून राहिलो, कारण खाली वारा कमी होता.

पडल्या पडल्या समोर रेघ दिसली. असल्या वाऱ्यात चाकाची रेघ चार क्षणांत पुसली जायला हवी. माझी पुसली जात होती. मागं वळून पाहिलं तर दहा हातांपलीकडं काही नव्हतं. पुढची मात्र शाबूत होती. फुल्यांसकट.

आणि मग तो दिसला.

अर्ध्या मैलावर असेल. पांढरा सदरा, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला रुमाल. मी घातलं होतं तेच. आरामात चालला होता, सकाळी भाजी आणायला निघाल्यासारखा. माझा सदरा वाऱ्यानं फुगून पाठीवर फडाफडा आपटत होता. त्याचा सदरा हलत नव्हता.

मी हाक मारली. काय हाक मारावी हे कळेना, म्हणून नुसतंच "अहो" म्हणालो, आणि ते वाऱ्यानं माझ्याच तोंडात परत कोंबलं. त्यानं वळून पाहिलं नाही. तो एका उंचवट्यापलीकडं उतरला आणि पुन्हा दिसला नाही.

आपल्याला ऊन लागलंय, मी स्वतःशी म्हणालो. सकाळपासून पोटात अन्न नाही, रक्त गेलंय, एकाची दोन माणसं दिसणारच. हे बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. पण त्याचा न हलणारा सदरा त्यात बसत नव्हता.

त्या उंचवट्याशी पोचायला मला तास लागला, आणि तिथं आडोशाला टेकलेला डाकवाला भेटला. गोविंदा. रिकामी थैली खांद्यावर टाकून परत निघाला होता. थैली रिकामी म्हणजे कार्ड पोचलं.

"बाईंचं कार्ड दिलंत?" मी ओरडून विचारलं.

तो जवळ आला. "आवं, मगाशी सांगितलं न्हाय का? बारालाच दिलं. वाचलं आन् बाई खालीच बसल्या. कार्ड फाडलं, पर तुकडं मुठीतनं सोडंनात. तीन तास रडत व्हत्या. आख्खं गाव गोळा झालं. रडनं थांबलं तवा मला लई भ्या वाटलं, थांबल्यावर त्या हिरीकडं बगाय लागल्या." तो थांबला, माझ्या चेहऱ्याकडं नीट पाहू लागला. "म्हनून तर तुमी भेटलाव तवा माजा जीव भांड्यात पडला. तुमी म्हनलाव, मी जित्ता हाय, ताईला सांगाया चाललोय. मग आता मागं कशाला आलाव? जावा की बिगीबिगी."

रागवायला हवं होतं, घाबरायला तर हवंच होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते वेगळंच. कुणी का सांगेना, ती विहिरीकडं बघायची थांबली असेल. तेवढं झालं असेल तर बास. हे मनात आलं आणि त्याच वेळी वारा एकदम पडला. उरलेला दीड मैल मला पँडल जवळजवळ मारावं लागलं नाही.

५

दवाखान्याच्या मागं ताईच्या दोन खोल्या, पुढं दगडी गडगा. दिवस मावळायला तास-दीड तास होता. अंगण झाडलेलं होतं, सडा ओला होता. गाव पांगलं होतं. गडग्याला माझी सायकल टेकून उभी होती. मागचा टायर शिवलेला.

मी माझी सायकल दुसऱ्या बाजूला टेकवली. दोन्ही हँडलं एकाच बाजूला वळली होती.

आतून ताईचं हसू आलं. कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं तसलं, माझ्या लहानपणचं. "आणते रे, थांब जरा, पाणी तर निवू दे," असं म्हणत ती वाटीत कालवलेली हळद घेऊन ओटीवर आली. डोळे सुजले होते, चेहरा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ होता. तिनं मला पाहिलं. वाटी तिनं सांडली नाही. ती हळूच खाली ठेवली.

"ताई, मी मधु."

"हो," ती म्हणाली.

"ते कार्ड खोटं होतं गं. डोक्यावर कावळा बसला, आत्यानं हट्ट धरला. खरं कार्ड टाकायला मीच विसरलो. चुकलं माझं. हे बघ."

मी कार्ड पुढं केलं. ती जवळ आली नाही. तिनं कमरेला खोचलेलं एक कार्ड काढून माझ्या समोर धरलं. आत्याचं अक्षर. ठसठशीत 'श्री'. 'खुशाल'वर तोच गोल डाग.

"त्यानं आणलंय," ताई म्हणाली. "आल्या आल्या हातात दिलं."

"तो कोण?"

"मधु."

"ताई, मधु मी आहे!"

"तू पण आहेस." तिचा आवाज अगदी मऊ होता, ताप आलेल्या पोराशी बोलावा तसा. "मी नाही का ओळखत तुला? तुझ्या कानामागची जखम मीच शिवलीय. पण ऐक माझं. मी आज तुझ्यासाठी रडले. ह्यांच्यासाठीसुद्धा तेवढी रडले नव्हते. कुणीतरी गेलंय म्हणूनच रडले ना रे मी? ते रडणं कुणाला तरी लागलं असेलच. मग तो आला. मी त्याला धरलं, त्याचे हात गरम होते. जेवला माझ्या हातचं. पोटरीला लागलंय त्याच्या, ती बांधायचीय. आता तो तू नाहीस असं म्हणू? मग परत रडू? नाही रे माझ्यात ती ताकद."

"मला धरून बघ," मी म्हणालो आणि हात पुढं केला. "फक्त हात लाव."

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. माझा हात गार लागेल ही तिची भीती नव्हती. तो गरम लागला तर काय करायचं, ही भीती तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसली.

तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली. "ताई, अगं येतेस ना?"

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. तरी ओळखला. ताईनं मान वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. चार वर्षांचा असताना मात्र रोज पाहिलं होतं.

दार उघडं होतं. ओटीच्या तीन पायऱ्या आणि उंबरा, की झालं. मी एक पायरी चढलो. आतल्या खोलीत खाट दिसली, खाटेवर पाय. डाव्या पोटरीवर चार इंचांची खरड. उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर घासत होता. पडल्या पडल्या मी असाच घासतो. पायांच्या वर मला काही दिसलं नाही, आणि खरं तर मी पाहिलं नाही.

पुढं गेलो असतो तर काय झालं असतं? त्याला ओढून बाहेर काढलं असतं तर? नऊ वर्षं मी हा विचार करतोय. त्या वेळी एकच कळलं. आम्हा दोघांपैकी एकासाठी तिला परत रडावं लागणार होतं, आणि घराच्या मागं विहीर होती.

मी पायरी उतरलो.

ताईला ते कळलं. ती आत गेली आणि केळीच्या पानावर दहीभात घेऊन आली. वर लिंबाचं लोणचं. गडग्याबाहेरच्या सपाट धोंड्यावर तिनं ते पान ठेवलं, चूळभर पाणी सोडलं, आणि मागं न बघता ओटीपर्यंत गेली. मग तिनं हात जोडले. मला, ज्याचं नाक तिनं पुसलं होतं त्या मला, हात जोडले.

"जेव," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी असशील. मग जा. आणि मागं बघू नकोस, मधु."

दार लागलं. गडग्यावर दोन कावळे बसले होते, पण पानाजवळ आले नाहीत. मी धोंड्याशी बसलो आणि जेवलो. असलं अन्न कुणासाठी ठेवतात ते मला ठाऊक होतं. पण भूक लागली होती, भाताला मीठ अगदी बेताचं होतं, आणि तिच्या हातचं ते मला पुन्हा मिळणार नव्हतं. शेवटचं शीतसुद्धा सोडलं नाही. माझं कार्ड मी पानाखाली ठेवलं.

मागं पाहिलं नाही. आतून परत एकदा हसू ऐकू आलं, तेव्हाही नाही.

६

"सांगितलंस तिला?" आत्यानं विचारलं.

"हो."

"रडली होती?"

"खूप."

"मग झालं तर. टळलं तुझं," आत्या म्हणाली आणि देवापुढं साखर ठेवली.

मी ताईला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी मी सायकल विकली. आत्या त्रेपन्नात गेली. वासंतीशी माझं लग्न झालं, डोंबिवलीला बिऱ्हाड केलं, मुलगी झाली. मी जिवंत आहे याबद्दल कुणाला कधी शंका आली नाही. मस्टरवर रोज सही करतो, डॉक्टर नाडी पाहतात, मुलगी खांद्यावर बसते.

फक्त पितृपक्षात एक दिवस. त्या पहिल्याच वर्षी भाद्रपद वद्य पंचमीला, आत्यानं कार्डावर लिहिलेल्या माझ्या तिथीला, दुपारी कचेरीत डबा उघडला आणि एकाएकी तोंडात दहीभाताची चव आली. लिंबाच्या लोणच्यासकट, मीठ अगदी बेताचं. पोट गच्च भरलं. पोळीला हातही लावता आला नाही. दुसऱ्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा तसंच. मग मी पंचांग बघून वाट पाहू लागलो. त्या दिवशी मी वासंतीला डबा करू नकोस म्हणून सांगायचो, पित्त झालंय म्हणायचो, आणि दुपारी एकच्या सुमाराला टेबलाशी डोळे मिटून बसायचो. माझ्या ताईनं माझ्यासाठी पान मांडलेलं असायचं. माणसं रोज भावंडांबरोबर जेवतात. मला वर्षातून एक घास मिळायचा, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मी सुखी होतो.

यंदा, अठ्ठावन्न साली, पंचमी आली. मी नको म्हणत असताना वासंतीनं डबा भरून दिलाच. एक वाजला. मी डोळे मिटून बसलो. दीड वाजला. तोंडात काही आलं नाही. शिपाई दोनदा येऊन फाईल मागून गेला. दोन वाजले, अडीच वाजले.

मग मला भूक लागली.

मी डबा उघडून पोळी-भाजी सगळी खाल्ली. ताईच्या मागं त्या घरात आता तो एकटाच असेल, त्याला कुणी वाढलं असेल का, असंही मनात येऊन गेलं. मग भिंतीकडं तोंड केलं आणि रडलो, पुष्कळ वेळ, अगदी मनापासून. या खेपेला कार्ड कुणी पाठवलं नव्हतं.